सारख्या आवाजाचे शब्द आणि आपला कान

कोणी बोलूं लागला म्हणजे आपण ऐकतों व समजतों, आणि या दोन क्रियांमध्यें कांहीं श्रम झाले असें आपणांस वाटत नाहीं. वाचतांना निदान डोळे ओळीवरून फिरतात, अडलेला शब्द पुन्हां पाहतां येतो. ऐकतांना ती सोय नाहीं. ध्वनि कानावर येतो आणि त्याच क्षणीं नाहींसा होतो. शिवाय छापील ओळींत दोन शब्दांमध्यें जशी कोरी जागा सोडलेली असते, तशी बोलण्यांत नसते. 'आज शाळा लवकर सुटली' हें वाक्य सहज उच्चारलें असतां तोंडांतून एकच अखंड प्रवाह बाहेर पडतो, आणि तो सेकंदाला चार-पांच अक्षरांच्या वेगानें धांवत असतो. या धांवत्या प्रवाहांतून कान शब्द कसे वेंचून काढतो, आणि एकमेकांसारखे ऐकूं येणारे शब्द या कामांत त्यास किती अडवितात, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

अडचण मुळांतच आहे. मराठींतील मूलध्वनि मोजले तर ते पन्नासाच्या आसपास भरतात. प्रौढ मनुष्यास ठाऊक असणारे शब्द मात्र हजारोंनीं मोजावे लागतात. इतक्या थोड्या प्रकारच्या चिऱ्यांनीं इतकीं घरें बांधावयाचीं, तर पुष्कळ घरें एकमेकांसारखीं दिसणारच. जगांतील कोणतीही भाषा या अडचणींतून सुटलेली नाहीं.

एक साधें उदाहरण घेऊं. बोलणाऱ्याच्या तोंडून 'का' एवढाच ध्वनि निघाला आहे. या क्षणीं ऐकणाऱ्याच्या मनांत काल, काळ, काम, कागद, काठी, कावळा असे कितीतरी शब्द एकदम जागे होतात. पुढें 'ज' आला कीं यांतील बहुतेक गळतात. काज, काजू, काजळ, काजवा असे थोडे उरतात. त्यानंतर 'ऊ' ऐकूं आला तर प्रश्न तेथेंच सुटला, शब्द काजू. परंतु 'ऊ' च्या जागीं 'अ' आला, तर काजळ आणि काजवा हे दोघेही अजून शर्यतींत आहेत, आणि 'ळ' किंवा 'व' कानीं पडेपर्यंत निकाल लागत नाहीं. 'व' ऐकूं येतांच मात्र शेवटच्या 'आ' ची वाट पाहण्याचें कारण उरत नाहीं. शब्द पुरा होण्यापूर्वींच त्याची निवड झालेली असते.

कान इतका उतावळा असतो याचा पुरावा विल्यम मार्स्लेन-विल्सन यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केला. कानांवर पडणारें भाषण ऐकतां ऐकतांच मोठ्यानें म्हणत जावें, असें त्यांनीं कांहीं लोकांस सांगितलें. त्यांपैकीं कांहीं जण मूळ वक्त्याच्या मागें अवघें पाव सेकंद राहून सारें भाषण म्हणूं शकले. पाव सेकंदांत जेमतेम एक अक्षर होतें! शब्द संपण्याची वाट पाहून हें साधणें शक्य नव्हतें. पुढें १९७८ च्या सुमारास त्यांनीं अशी उपपत्ति मांडली कीं, आरंभ सारखा असलेल्या सर्व शब्दांची एक तुकडी मनांत एकदम उभी राहते आणि येणारा प्रत्येक ध्वनि तींतील कांहींना बाद करीत जातो. या तुकडीस त्यांनीं रोमन सैन्यांतील एका पथकाचें नांव दिलें. आपण तिला 'जथा' म्हणूं. कोशांत शब्द पाहणारा विद्यार्थी एकामागून एक पान उलटतो. मनाच्या कोशांत सगळीं पानें एकाच वेळीं उघडतात.

जथ्याची ही कल्पना शब्दाच्या आरंभापुरती ठीक आहे. शेवट सारखा असलेल्या शब्दांचें काय? १९९८ सालीं अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील तीन संशोधकांनीं हा प्रश्न मोठ्या चतुराईनें डोळ्यांना विचारला. समोर चार चित्रें ठेवून एका वस्तूचें नांव घ्यावयाचें आणि ऐकणाऱ्याचे डोळे क्षणोक्षणीं कोठें वळतात तें यंत्रानें टिपावयाचें, अशी ही युक्ति. मराठींत मांडावयाचें तर काठी, कात्री, लाठी आणि एखादी अगदीं निराळी वस्तु समोर आहे असें समजा. 'काठी उचला' असें म्हटलें कीं डोळे प्रथम काठीकडे व कात्रीकडे सारखेच ओढले जातात. 'ठ' ऐकूं आल्यावर कात्री सुटते. परंतु त्या वेळीं नजर क्षणभर लाठीकडेही जाते, आणि मग काठीवर स्थिर होते. चौथ्या वस्तूकडे कोणी पाहत नाहीं. ऐकणाऱ्यास या धांवपळीची दादही नसते. विचारलें तर तो 'मी सरळ काठीकडेच पाहिलें' असें सांगेल.

तेव्हां शब्दास जथ्यांतील सोबती असतात, तसे चहूंकडून शेजारीही असतात. एक ध्वनि बदलून, गाळून किंवा घालून जो दुसरा शब्द होतो तो त्याचा शेजारी, अशी व्याख्या संशोधक करितात. 'कान' हा शब्द घ्या. मान, पान, रान, दान, भान, तान, छान हे एका बाजूचे शेजारी. काम, काळ, काल, काच, काठ, कात, काय हे दुसऱ्या बाजूचे. मधला स्वर बदलला कीं कोन. भरवस्तींतलें हें घर आहे. याउलट 'समुद्र' हा शब्द हर्णैच्या किल्ल्यासारखा एकटा उभा आहे. त्याचा एक ध्वनि बदलून दुसरा मूळ शब्द सहसा हातीं लागत नाहीं. पॉल ल्यूस व डेव्हिड पिसोनी या अमेरिकन संशोधकांनीं १९९८ सालीं याविषयीं जो निबंध प्रसिद्ध केला त्याचें तात्पर्य असें: शब्द जितका भरवस्तींत, तितका तो ओळखण्यास वेळ अधिक लागतो व गोंगाटांत तो चुकण्याचा संभव वाढतो. शेजाऱ्यांची संख्या महत्त्वाची, तशीच त्यांची प्रतिष्ठाही महत्त्वाची. 'घर' या शब्दास शेजारी पुष्कळ, पण तो स्वतःच रोजच्या वापरांतला असल्यामुळें तग धरतो. 'चर' हा खणलेल्या नाल्याचा शब्द मात्र घर, कर, वर, जर, तर अशा बलाढ्य मंडळींच्या मध्यें सांपडलेला आहे, आणि नीट ऐकूं न आल्यास त्याचा बळी ठरलेला.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती असें नाहीं. संस्कृतांतील एका सुप्रसिद्ध सुभाषितांत बाप मुलाला व्याकरण शिकण्याचा आग्रह करितो, आणि कारण देतो तें असें कीं, 'स' च्या जागीं 'श' गेला तर आपले स्वजन श्वजन म्हणजे कुत्रीं ठरतील, सकल म्हणजे संपूर्ण याचें शकल म्हणजे तुकडा होईल, आणि सकृत् म्हणजे एकदां याचें शकृत् म्हणजे शेण होईल. तीनही जोड्या आजच्या व्याख्येनें सख्खे शेजारी आहेत. आमच्या पंडित कवींनीं तर या शेजाऱ्यांना हातीं धरून नाचविलें. वामनपंडित किंवा मोरोपंत (१७२९–१७९४) यांचीं यमकें म्हणजे सारख्या आवाजाच्या शब्दांचा बाजारच. जें कीर्तनांत कानाला गोड लागतें तेंच पावसांत हांक मारतांना घात करितें, एवढाच फरक. 'ध चा मा' ही म्हण मात्र येथें लागू पडत नाहीं, हें सांगितलें पाहिजे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्या प्रसंगीं 'धरावें' याचें 'मारावें' केलें गेलें अशी आख्यायिका आहे. पण ती कागदावरच्या अक्षराची, डोळ्यांना फसविणारी गोष्ट. आपला विषय कानाचा.

आणि कानाची खरी परीक्षा गोंगाटांत होते. दापोलीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पत्र्याच्या छपराखालीं पावसाळ्यांत भरणाऱ्या वर्गांत शिक्षकांचा अर्धा शब्द पाऊस खातो. तो नेमकें काय खातो, हें पाहण्यासारखें आहे. जॉर्ज मिलर व पॅट्रिशिया नायस्ली यांनीं १९५५ सालीं गोंगाटांत व्यंजनें ऐकवून चुकांची नोंद केली. त्यांस असें आढळलें कीं, ध्वनि घोष आहे कीं अघोष, तो नाकांतून येतो कीं नाहीं, हें गोंगाटांतही बरेंच टिकतें. परंतु तो ओठांवर उच्चारला, दांतांवर कीं कंठांत, हें फार लवकर बुडतें. म्हणजे 'पान' म्हटलें तर 'तान' किंवा 'कान' ऐकूं येण्याची भीति अधिक, 'मान' ऐकूं येण्याची कमी. गंमत अशी कीं, उच्चाराचें जें स्थान कानाला बुडतें तेंच डोळ्याला दिसतें. 'प' म्हणतांना ओठ मिटतात, 'त' म्हणतांना मिटत नाहींत. उलट 'प', 'ब', 'म' हे तिघे ओठांवर अगदीं सारखे दिसतात, पण त्यांतला भेद कान सांभाळतो. पावसांत शिक्षकांच्या तोंडाकडे पाहून ऐकणाऱ्या मुलास अधिक समजतें, तें केवळ त्याचें लक्ष असतें म्हणून नव्हे.

आपल्या तालुक्याचीं नांवें या दृष्टीनें वाचून पाहावीं. दापोली आणि दाभोळ! आरंभीं दोहोंत 'दा', मग दोहोंत ओठांचें व्यंजन, मग दोहोंत 'ओ', आणि शेवटीं एकीकडे 'ली' तर दुसरीकडे 'ळ'. गर्दीच्या स्थानकावर ध्वनिक्षेपकांतून यांपैकीं एक नांव अस्पष्ट ऐकूं आलें, तर वाशिष्ठीच्या मुखाशीं जाणारा प्रवासी भलत्याच गाडीकडे धांवला तरी त्याच्या कानाला दोष देतां येणार नाहीं. मुरूड आणि मुर्डी यांचेंही तसेंच. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव मुरूड. १८९९ सालीं केंब्रिजला पहिले आलेले रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचें गांव मुर्डी. परक्या मुलखांतील मनुष्यास हीं दोन नांवें एकामागून एक सांगितलीं तर तो एकच गांव दोनदां सांगितलें असें समजतो. जुन्या तारेच्या दूरध्वनींतून तर सेकंदाला सुमारें ३०० ते ३४०० कंपनांपर्यंतचेच स्वर पलीकडे पोहोंचत. 'स' चा सूत्कार बव्हंशीं त्याहून उंच असतो. सुभाषितांतला सकल-शकलाचा घोटाळा त्या तारेवर रोजचाच म्हणावयाचा.

नांवांपेक्षांही आंकडे अधिक घातक आहेत. मराठी संख्यावाचक शब्दांत एककाचा अंश आधीं येतो व दशकाचा मागून. त्यामुळें सत्तावीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न यांचा आरंभ सारखा, आणि बत्तीस, पस्तीस, छत्तीस, अडतीस यांचा शेवट सारखा. प्रत्येक आंकड्यास दोन्ही बाजूंनीं नातेवाईक! बत्तीस व छत्तीस, बासष्ट व पासष्ट, बहात्तर व शहात्तर या जोड्यांत तर केवळ पहिल्या व्यंजनाचा फरक आहे. हिशेबांत हा फरक तीन-चार रुपयांचा, औषधाच्या मात्रेंत याहून गंभीर. २०१९ सालीं बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'बत्तीस' या रूपाच्या जोडीस 'तीस दोन' अशी वाचनाची रीत दिली गेली, तेव्हां राज्यभर मोठा वाद माजला. त्या वादांत जोडाक्षरांचा व अंकांच्या क्रमाचा मुद्दा पुष्कळ चघळला गेला; कानाचा मुद्दा फारसा कोणी घेतला नाहीं असें मला वाटतें. 'तीस दोन' व 'तीस सहा' यांत दोन आणि सहा हे शब्द एकमेकांसारखे मुळींच नाहींत. जुनीं रूपें आटोपशीर व गोड आहेत हें खरें, आणि तीं टाकून द्यावीं असें माझें म्हणणें नाहीं. पण दूरध्वनीवर रक्कम सांगतांना 'बत्तीस, तीन दोन' असें अंक फोडून सांगणारा व्यापारी शहाणा आहे.

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो तो पाहिला असेल त्यास शंका येईल कीं, वारा, लाटा आणि माणसें यांच्या कल्लोळांत हे आंकडे चुकत कसे नाहींत? त्याचें उत्तर असें कीं बोली चढत जाते. पस्तीस झाल्यावर छत्तीसाची अपेक्षा असते. तेथें बत्तीस ऐकणार कोण? अपेक्षा ही कानाची दुसरी काठी आहे.

अपेक्षेचें बळ केवढें असतें हें रिचर्ड वॉरन यांनीं १९७० सालीं दाखविलें. एका ध्वनिमुद्रित वाक्यांतील एका शब्दांतला एक ध्वनि त्यांनीं कापून काढला व त्या जागीं खोकल्याचा आवाज भरला. वीस श्रोत्यांपैकीं एकोणीस जणांनीं सांगितलें कीं, वाक्यांतला एकही ध्वनि गेलेला नाहीं! मनानें तो स्वतःच भरून काढला होता, आणि खोकला नेमका कोठें आला हेंही त्यांस धड सांगतां येईना. १९८० सालच्या दुसऱ्या एका प्रयोगानें असें दिसलें कीं, दोन व्यंजनांच्या मधला संदिग्ध ध्वनि ऐकविला तर मन त्याचें माप शब्दाच्या बाजूनें टाकतें. 'ग' व 'क' यांच्या सीमेवरचा ध्वनि काढून पुढें 'वत' म्हटलें तर आपण 'गवत' ऐकूं, कारण 'कवत' नांवाची वस्तु नाहीं. पुढें 'आय' म्हटलें तर मात्र गाय कीं काय, हा पेंच उरतोच. दोन्ही शब्द खरे आहेत.

असा पेंच सोडविण्यास मराठीपाशीं एक उत्तम साधन आहे, आणि तें म्हणजे लिंग. परभाषी लोक मराठीच्या तीन लिंगांना कंटाळतात. त्यांचा हा उपयोग त्यांस कोणी सांगत नाहीं. 'माझा' ऐकूं आलें कीं पुढें 'कान' येऊं शकतो, अवयव या अर्थाची 'मान' येऊं शकत नाहीं. 'माझी' ऐकूं आलें कीं मान येते, कान बाद होतो. 'माझें' म्हटलें तर पान. शब्द उच्चारला जाण्यापूर्वींच अर्धे शेजारी घरीं पाठविले गेले! फ्रेंच भाषेंतही नामापूर्वीं लिंग दाखविणारा शब्द येतो, आणि त्या भाषेवर २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत डोळ्यांच्या हालचालींवरून हेंच दिसून आलें. लिंग जुळत नसलेल्या सारख्या आवाजाच्या वस्तूकडे श्रोते पाहतच नाहींत. नंतरचें विभक्तिरूपही साह्य करितें. कानाला, मानेला, पानाला. येथें मान आणखी वेगळी पडते.

सर्वांचे कान मात्र एकाच मापाचे नसतात. 'कोण' आणि 'कोन', 'तण' आणि 'तन', 'मण' आणि 'मन' हे पुस्तकांत निराळे शब्द आहेत. ज्या घरांत 'ण' चा उच्चार 'न' असाच होतो, त्या घरांतील मुलास तीं दोन-दोन नसून एकेक आहेत. शुद्धलेखनाच्या तासाला त्याची जी फजिती होते ती आळसाची नव्हे. त्याच्या कानानें ती जोडी कधीं वेगळी ऐकलेलीच नसते, आणि तिला हंसणाऱ्या मुलांचें यांत कांहीं विशेष कर्तृत्व नाहीं. उलट दोन अर्थांचा 'जग' हा एकाच अक्षरानें लिहिला जाणारा शब्द पाहा. पृथ्वी या अर्थी 'ज' तालव्य, जिवंत राहा या अर्थी दंततालव्य. येथें डोळा फसतो आणि कान फसत नाहीं. दिन व दीन यांत पुन्हां उलट. तसेंच एखाद्याचा उच्चार आपल्याहून वेगळा असला तरी त्याचें बोलणें थोडा वेळ ऐकल्यावर आपला कान त्याच्या मापानें आपोआप जुळवून घेतो, हेंही प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे.

परभाषा ऐकतांना शेजाऱ्यांची गर्दी वाढते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन हे १८२९ सालीं हिंदुस्थानांत आल्यावर हर्णै येथें राहून मराठी शिकले. ज्याच्या मातृभाषेंत 'क' व 'ख' यांनीं अर्थ बदलत नाहीं, 'त' व 'ट' निराळे नाहींत, त्याला काल आणि खाल, ताक आणि टाक हे जुळे भाऊच वाटावयाचे. आपली पाळी इंग्रजी ऐकतांना येते. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी यांतला ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपल्या मराठी कानाला गौण. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बंडी यांतला ओठांचा भेद तर आपण एकाच 'व' मध्यें बुडवितों. म्हणून इंग्रजाच्या मनांत दोन उमेदवार जागे होतात तेथें आपल्या मनांत चार होतात, आणि शब्द सगळे माहीत असूनही भाषण आपल्यापुढें पळतें.

पालकांसाठीं एक गोष्ट मुद्दाम लिहितों. घरांत वृद्ध आजी-आजोबा असतात आणि त्यांना ऐकूं येत नाहीं म्हणून सारे ओरडून बोलतात. वृद्धांवर १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्या शब्दांना शेजारी फार, ते ओळखतांना तरुणांच्या मानानें वृद्धांची ओढाताण अधिक होते. एकटे शब्द त्यांना त्या मानानें बरे ऐकूं येतात. म्हणजे आवाज मोठा करून सारें काम होत नाहीं. 'वाटी?' असा एकच शब्द तीनदां ओरडण्यापेक्षां 'आमटीची वाटी आणूं का?' असें समोर येऊन, तोंड दिसेल असें, सावकाश विचारलें तर आजीला पाटी, माती व वाटी यांतून निवड करण्याचे कष्ट पडत नाहींत.

ज्यांस हें स्वतः पडताळून पाहावयाचें असेल त्यांनीं वर्गांत एक प्रयोग करावा. वाटी, पाटी, माती, गाडी, काठी असे भरवस्तींतले शब्द आणि फणस, हळद, उंदीर, नारळ, कासव असे विरळ वस्तींतले शब्द घ्यावे. दोन्हींकडे दोन-दोन अक्षरेंच ऐकूं येतात, म्हणून लांबीचा पक्षपात होत नाहीं. एकानें पडद्याआडून ते मिसळून एकाच आवाजांत वाचावे, दुसऱ्यानें शेजारीं पत्र्याच्या डब्यांत वाळू हालवीत राहावें, आणि बाकीच्यांनीं ऐकूं येईल तें लिहावें. चुका मोजतांना चुकलेल्या शब्दाच्या जागीं काय लिहिलें आहे तेंही पाहावें. 'वाटी' चुकली असेल तर तेथें बहुधा 'पाटी' किंवा 'दाटी' सांपडेल. 'फणस' चुकला असेल तर पुष्कळदां कोरी जागाच.